उत्क्रांती की निर्मिती: मुलीला दोन्ही बाजू सांगू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नागपुरात सीबीएसईच्या दहावीत. घरच्या ग्रुपवर एक हिंदी व्हिडिओ आला, ‘अमेरिकेच्याच शास्त्रज्ञांनी डार्विनला खोटं पाडलं’. तुमचे वडील म्हणाले, डार्विन हवाच कशाला, आपल्या दशावतारात हे सगळं आधीच सांगितलंय. मुलीने पुस्तक उघडलं तर त्यात तो भागच नाही. मग ती तुमच्याकडे आली, “बाबा, खरं काय?” तुम्ही कॉमर्सचे, वडिलांना दुखवायचं नाही, म्हणून विचारताय की दोन्ही बाजू सांगून ‘आता तू ठरव’ म्हटलं तर चालेल का.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. संशोधक नाही, शिक्षिका आहे. पण हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बाकावरून आलाच, त्यामुळे उत्तर देताना कुठे घसरायला होतं ते मला ठाऊक आहे.

पुस्तकाचं आधी उरकते. सीबीएसईची पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती काढली, आनुवंशिकता ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक वगैरेंनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण तुमची मुलगी तुमच्यासारखी कॉमर्सला गेली तर तिला ती शाळेत कधीच भेटणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. नात्यात कुणी स्टेट बोर्डाचं असेल तर ते पुस्तक मागून घ्या, चार दिवसांचं काम आहे.

आता ‘दोन्ही बाजू’. ऐकायला हे फार समंजस वाटतं. पण ही मागणी कुठून आली ते एकदा बघा. अमेरिकेत १९२५ साली टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि त्याला शंभर डॉलर दंड ठोठावला गेला. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनेविरुद्ध ठरवली. मग बंदीची भाषा गेली आणि मागणी आली की बायबलमधली निर्मितीही ‘निर्मितीविज्ञान’ म्हणून बरोबरीने शिकवा. १९८७ साली न्यायालयाने तेही नाकारलं. त्यानंतर नवं नाव आलं, ‘इंटेलिजंट डिझाइन’. म्हणजे देवाचं नाव घ्यायचं नाही, ‘कुणीतरी बुद्धिमान रचनाकार’ एवढंच म्हणायचं.

याची परीक्षा झाली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावात. २००४ साली तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की नववीच्या मुलांना जीवशास्त्राच्या तासाला एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनचा सिद्धांत ही फक्त थिअरी, वस्तुस्थिती नव्हे, आणि पर्याय हवा असेल तर अमुक पुस्तक ग्रंथालयात आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, शेवटी प्रशासनाच्या लोकांना वर्गात येऊन वाचावं लागलं. अकरा पालक कोर्टात गेले. त्या ‘अमुक पुस्तका’चे जुने कच्चे खर्डे खटल्यात बाहेर आले, तेव्हा दिसलं की १९८७ च्या निकालाआधी जिथे ‘क्रिएशनिस्ट्स’ (निर्मितीवाले) होतं तिथे नंतर ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’ (रचनेचे समर्थक) घातलंय. घाईत एके ठिकाणी जुना शब्द पुरता पुसलाच गेला नाही, आणि ‘सीडिझाइन प्रोपोनन्टसिस्ट्स’ असं काहीतरी तयार झालं. स्टेट बोर्डाच्या त्या धड्यात ‘जोडणारे दुवे’ म्हणून, म्हणजे दोन गटांची लक्षणं एकत्र असलेले प्राणी म्हणून, लंगफिश आणि प्लॅटीपसची नावं आहेत. मी वर्गात त्या यादीत हा शब्दही घालायची.

त्याच खटल्यात रचनाकाराची बाजू मांडणारे मुख्य तज्ज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी उलटतपासणीत मान्य केलं की वैज्ञानिक थिअरीची जी व्याख्या ते वापरतात, तीत फलज्योतिषही बसेल. वर्गात हे सांगितलं की मुलं हसत. मग मागून एखादा हळूच विचारी, “मॅडम, मग पत्रिका?” तो तास तिथेच संपायचा. डिसेंबर २००५ मध्ये १३९ पानी निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, धार्मिक मताचंच नवं रूप आहे, असं त्यात म्हटलंय. निकाल देणारे न्यायमूर्ती जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केलेली होती, त्यामुळे डाव्यांनी कट केला असंही म्हणायची सोय नव्हती. तुमच्या व्हिडिओतले ‘अमेरिकन शास्त्रज्ञ’ बहुधा याच गोटातले असतील. त्यांचा मुद्दा तपासला गेला, शपथेवर तपासला गेला.

‘फक्त थिअरी’वरून एक गंमत. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात थिअरी म्हणजे अंदाज, त्यामुळे तिथे ही कोटी खपते. मराठीत आपण ‘सिद्धांत’ म्हणतो, म्हणजे सिद्ध होऊन अखेरीस हाती आलेलं. ‘हा नुसताच सिद्धांत आहे’ हे वाक्य मराठीत बोलून बघा, कसं लंगडतं ते कळेल. म्हणूनच आपल्याकडचे व्हिडिओही तेवढ्यापुरता इंग्रजी शब्द ठेवतात.

पण मुलीला कोर्टाच्या गोष्टींनी पटणार नाही, पटूही नये. न्यायाधीशाने सांगितलं म्हणून काही खरं होत नसतं. ती विचारेल, हे होताना कुणी पाहिलंय का? हा काही पोरकट प्रश्न नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीरपणे हेच म्हटलं होतं, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहून वा सांगून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला.

मी मात्र पाहिलंय. माणूस नाही, अळी. माझं माहेर कापसाचं. २०१७ च्या दिवाळीनंतर भावाच्या शेतात गेले होते. पऱ्हाटी छातीला लागत होती, वरून बघणाऱ्याला वाटावं पीक जोरात आहे. भावाने काही न बोलता एक हिरवं बोंड तोडलं आणि बांधावरच्या दगडावर ठेचलं. आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली, आणि मधोमध गुलाबी अळी आरामात पडलेली. शेजारच्या फुलांच्या पाकळ्या उमलण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहिल्या होत्या, त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. २००२ साली बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार होणारी कपाशी, आली तेव्हा हीच अळी बोंड खाऊन मरत होती. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तीच अळी तेच बोंड खाऊन धडधाकट होती.

काय झालं? बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची साध्या, बिनबीटी सरकीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची होती. त्यामागचा हिशेब असा. लाखो अळ्यांत एखादीच्या जनुकात जन्मतःच असा बदल असतो की बीटीचं विष तिच्या आतड्याला चिकटत नाही. बीटीच्या शेतात बाकीच्या मरतात, ती उरते. पण हा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. कडेच्या साध्या कपाशीवर साधे पतंग भरपूर वाढले की त्या एखाद्या चिवट पतंगाचा जोडा साध्या पतंगाशी लागतो आणि पिल्लं बीटी खाऊन मरतात. कडेची कपाशी नसेल तर चिवटाला चिवटच भेटतो. आमच्याकडे काय झालं ते सांगायला लाज वाटत नाही: ती पुडी बहुतेकांनी फेकली, आमच्याही घरी फेकली. कोण अळीसाठी म्हणून पीक लावणार? त्यात फरदड घ्यायची सवय, म्हणजे डिसेंबरनंतरही पऱ्हाटी शेतात उभी आणि अळीच्या एक-दोन पिढ्यांची जास्तीची सोय.

ज्या देशाच्या शास्त्रज्ञांचं नाव तुमचा व्हिडिओ घेतो, त्याच देशातल्या अ‍ॅरिझोनाच्या कापूसवाल्यांनी ही आश्रयाची कपाशी नेटाने लावली. पुढे २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, म्हणजे चिवट पतंगाला जोडीदार मिळाला तरी पिल्लं होऊ नयेत. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. त्या शेतकऱ्यांपैकी कितीजण रविवारी चर्चमध्ये जाऊन आदम-इव्हची गोष्ट ऐकत असतील देव जाणे. शेतात त्यांनी डार्विनचं गणित मांडलं.

आता मुलगी हुशार असेल तर म्हणेल, “पण अळी अळीच राहिली ना? तिची चिमणी झाली की गाय झाली?” मला हा प्रश्न आवडतो, कारण खरा वाद इथे आहे. निर्मितीवाल्यांतले बरेच लोक अळीपुरता बदल मान्य करतात. एका जातीतून दुसरी होते हे मान्य नसतं. त्याला पंधरा वर्षांत शेतात दिसणारा पुरावा मिळणार नाही, तिथे पोलिसासारखं मागे राहिलेल्या खुणांवरूनच जावं लागतं.

मी कॉपीचं उदाहरण घ्यायची. परीक्षेत दोघांची उत्तरं बरोबर आली तर त्यावरून काही म्हणता येत नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. पण दोघांच्या पेपरात एकाच ओळीत एकच विचित्र चूक सापडली, तर मात्र पेपर एकाच ठिकाणाहून उतरलाय. नागपूरकर आहात म्हणून संत्र्याचं सांगते. गाय, कुत्रा यांना संत्रं खावं लागत नाही, क जीवनसत्त्व त्यांचं यकृत बनवतं. आपल्याला खावं लागतं. गंमत म्हणजे ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यातही आहे, फक्त मोडलेलं. चिंपांझी, गोरिला यांच्यातही ते मोडलेलंच आहे, आणि मोडतोडीच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिगलाही ते बनवता येत नाही, पण त्याची मोडतोड वेगळी. म्हणजे तो नापास झाला खरा, पण वेगळ्या वर्गातला.

दुसरी खूण गुणसूत्रांची. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी हरवली तर प्राणी जगणार नाही. तेव्हा ती कुठेतरी दुसरीला जोडली गेलेली असणार, आणि सांधा दिसायला हवा. नसता दिसला तर उत्क्रांतीवाल्यांची पंचाईत होती. तो आपल्या क्रमांक दोनच्या गुणसूत्रात सापडला: एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारे तुकडे तिथे मधोमध आहेत, वर दुसऱ्या मध्यबिंदूचे अवशेषही (एरवी गुणसूत्राला तो एकच असतो). डोव्हरच्या खटल्यात हा पुरावा केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञांनी मांडला, आणि ते श्रद्धाळू कॅथलिक आहेत. हे मुलीला जरूर सांगा, कारण देव मानायचा की उत्क्रांती, असा पेच तिच्यासमोर विनाकारण उभा केला जाईल.

(आणि ‘माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी’ हा प्रश्न येईलच. तुमचे चुलतभाऊ अजून आहेत की नाही? आजोबा एक, म्हणून कुणी चुलतभावापासून जन्मत नाही. मराठीची अडचण अशी की चिंपांझीलाही आपण माकडच म्हणतो. ‘कपी’ हा वेगळा शब्द आहे, पण तो पुस्तकातून बाहेर पडला नाही.)

आता तुमचे वडील. खरं सांगू का, व्हिडिओपेक्षा मला हा भाग जास्त अवघड वाटतो. अमेरिकेत विरोध उघड असतो: बायबल बरोबर, डार्विन चूक. आपल्याकडे विरोध होतच नाही, आपण डार्विनला पाटावर बसवून म्हणतो, हे तर आमच्याकडे होतंच. मत्स्य पाण्यातला, कूर्म दोन्हीकडचा, वराह जमिनीवरचा, नृसिंह अर्धा, वामन बुटका, मग परशुराम, राम, कृष्ण. क्रम छान लागतो. मलाही विद्यार्थिदशेत पटला होता आणि पहिली दोन वर्षं मी तो वर्गात सांगितलासुद्धा, मुलांना पटकन लक्षात राहतं म्हणून. मग एका मुलाने विचारलं, “मॅडम, कासवापासून डुक्कर झालं का?” नाही झालं. सिंहाचा आणि माणसाचा तर त्या वाटेवर काही संबंधच नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दशावतारात उत्क्रांती बघणारा माणूस नकळत जिना बघत असतो: खाली मासा, वर माणूस. उत्क्रांतीत जिना नाही, फांद्या आहेत, आणि काही फांद्या उलट्या पाण्याकडे गेल्या. त्याचे काही उत्तम पुरावे आपल्याच देशात आहेत. कच्छमध्ये साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पायवाल्या देवमाशांची हाडं मिळाली, त्यातल्या एकाचं नावच ‘कचिसेटस’ आहे, कच्छचा देवमासा. आणि जम्मूकडच्या कालाकोटला ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. ते साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली, आणि आतलं कानाचं हाड देवमाशासारखं जाड निघालं. प्राणी केवढा, तर मांजराहून थोडा मोठा, हरणासारख्या पायांचा. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, ‘इंडोहायस’. म्हणजे देवमाशांचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात गेले. मत्स्य पहिला अवतार धरला तर याला कुठल्या पायरीवर बसवणार?

वडिलांना हे असं तोंडावर म्हणू नका. तुम्ही एवढंच धरून चाला की दशावतार ही श्रद्धेची आणि काव्याची गोष्ट आहे, पिढ्यान्‌पिढ्या माणसांना ती जवळची वाटत आलीय, आणि तिला डार्विनचं प्रमाणपत्र लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांवर नवव्या अवताराच्या जागी विठोबा असायचा, तेव्हा कुणी जीवाश्म शोधत नव्हतं. वडील वारकरी वळणाचे असतील तर हे त्यांना आवडेलही. वाद घालणारे असतील तर विषय मुलीबरोबर वेगळा बोला. हे तुमच्या घरावर आहे, मला इथून दिसत नाही.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती टाळाल. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीने वर्गात म्हटलं, माणूस देवानेच घडवला. मी चेष्टेत म्हटलं, “मग अक्कलदाढ देताना देवाचं लक्ष कुठे होतं?” वर्ग खो खो हसला. त्या मुलीने वर्षभर हात वर केला नाही. परीक्षेत उत्क्रांतीचं उत्तर तिने अगदी पाठ करून बरोबर लिहिलं, आणि तिला काय पटलं ते मला कधीच कळलं नाही.

तेव्हा ‘दोन्ही बाजू सांगून तू ठरव’ याला माझं उत्तर असं. देव आहे का, जग का आहे, हे तिला ठरवू द्या, तिथे बाजू दोनच काय, दहा असतील. पहिला जीव कसा आला हाही वेगळा, अजून उघडा प्रश्न आहे, तो डार्विनच्या खात्यावर मांडू नका. पण सजीव बदलत आले का आणि त्यांचे पूर्वज एक का, इथे दोन बाजू समोर ठेवायच्या असतील तर दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारायला तिला शिकवा: काय सापडलं तर तू चूक ठरशील? तो सांधा दिसला नसता, तर एक बाजू अडचणीत आली असती. व्हिडिओवाल्याला काय सापडलं तर अडचण होईल, हे तिने व्हिडिओत शोधावं. आजोबांच्या जिन्यालाही तिने हाच प्रश्न लावला तर लावू द्या.

आणि हे सगळं बोलण्याआधी पाच मिनिटांची एक गोष्ट करा, मी धडा नेहमी तिथूनच सुरू करायची. बाही वर करून तळहात वर ठेवायचा, अंगठा करंगळीला टेकवायचा आणि मनगट किंचित आत वाकवायचं. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक शीर ताठ उभी राहते. ती रक्ताची नाही, एका लांब स्नायूची कंडरा (टेंडन) आहे. साठांच्या वर्गात आठ-दहा जणांना ती नसतेच, कुणाला एकाच हाताला असते, आणि नसलेल्यांची पकड काही कमी नसते. दुसरीकडे कंडरा बसवायची वेळ आली तर शल्यविशारद हीच काढून वापरतात. पूर्वजांकडून मागे राहिलेल्या खुणांतली ही एक, आपल्याच हातावरची. मुलीची बघा, तुमची बघा, मग तिलाच आजोबांचा हात धरून बघू द्या. नसेल तर घाबरू नका, माझ्या डाव्या हाताला नाही. कुणाची दिसली नाही ते इथे कळवा.